शिंगराच्या पाठीवर कोणी नाही

आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर जे घोडे असत, ते सगळे विकतचे. कुंभारवाड्यातून टोपलीभर चित्रे आणायची. त्यांत सिंहासनावरचे महाराज, भालाईत मावळे, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, एखादा वाघ आणि दोन-तीन घोडेस्वार. या घोडेस्वारांचा स्वार घोड्यापासून वेगळा करता येत नसे. दोघे एकाच साच्यातून निघालेले आणि मावळ्याचे पाय घोड्याच्या पोटात विरघळलेले. मला मोकळा घोडा हवा होता. तो बाजारात मिळत नाही असे कळल्यावर मी तो स्वतःच करायचा ठरवला.

आमच्या गावात तेव्हा स्टेशनपासून पेठेपर्यंत टांगे चालत. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका टांगेवाल्याच्या घोडीला त्या साली शिंगरू झाले होते. घोडी टांग्याला जुंपली की ते तिच्या अंगाला अंग घासत धावे. स्टेशनला जाई, परत येई, पुन्हा जाई. दुपारी घोडी दावणीला असली की मी मातीचा गोळा घेऊन समोरच्या पायरीवर बसत असे. पण शिंगरू एका जागी उभे राहील तर शपथ. मी मान वळेपर्यंत त्याने मान फिरवलेली असे. पाय लावावेत तर ओल्या मातीचे बारीक पाय धडाच्या भाराने वाकत. खराट्याच्या काड्या खुपसल्या, तर त्या मातीतून बाहेर डोकावू लागल्या. शेवटी पाय जाड केले, तेव्हा ते उभे राहिले, पण मावशीने विचारले, “बोकड छान केलास हो!” टांगेवाले चाचा हसले आणि म्हणाले, “पोरा, त्याचं अंग काय बघतोस? पाय बघ. शिंगरू म्हणजे सगळे पायच.”

त्या पावसाळ्यानंतर ते शिंगरू दिसेनासे झाले. काय झाले म्हणून विचारल्यावर चाचा काही बोलले नाहीत. घरी आजी मात्र म्हणाली, “घोडा मेला ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने.” ही म्हण मी तेव्हा प्रथम ऐकली. पुढे शिल्पकलेचा इतिहास वाचायचा नाद लागला. निरनिराळ्या शहरांतले पुतळे पाहत हिंडलो. तेव्हा ही म्हण वारंवार आठवत राहिली. जगभरच्या चौकांत ब्राँझचे शेकडो घोडे उभे आहेत आणि बहुतेकांच्या पाठीवर ओझे आहे. शिंगरे मात्र कुठे दिसत नव्हती. ती मला सापडली बर्लिनमध्ये. ती घडवणाऱ्या बाईची आणि त्या शिंगरांची ही हकीकत आहे.

*

आधी घोड्यांविषयी थोडे सांगायला हवे. मुंबईकराला ते सांगणे सोपे आहे, कारण त्याच्या शहरात एक अख्खा परिसरच घोड्याच्या नावाने ओळखला जातो. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र, 1875 साली मुंबईत आला. त्याच्या आठवणीसाठी अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराकडून त्याचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि 1879 मध्ये तो शहराला भेट दिला. पुतळा युवराजाचा, पण लोकांनी नाव दिले ‘काळा घोडा’. वरचा माणूस कोण, याच्याशी कोणाला फारसे देणेघेणे नव्हते. 1965 मध्ये हा पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव राहिले. 2017 मध्ये त्या परिसरात पुन्हा एक घोडा उभा राहिला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांच्या या घोड्याच्या पाठीवर कोणी नाही. मुंबईकरांनी नावातून स्वाराला कधीच उतरवले होते. धातूतून त्याला उतरवायला एकशे अडतीस वर्षे लागली.

युरोपातल्या पुतळ्यांचा इतिहास पाहिला की हा स्वार किती घट्ट बसलेला आहे ते कळते. पादुआमधला दोनातेल्लोचा ‘गात्तामेलाता’ 1453 मधला. त्यात एका भाडोत्री सेनापतीला रोमन सम्राटासारखे घोड्यावर बसवले आहे. घोडा इतका जड की त्याच्या उचललेल्या पुढच्या पायाखाली एक गोळा ठेवून भार तोलला आहे. माद्रिदमधला पिएत्रो ताक्काचा चौथा फिलिप 1640 मधला. मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचा एवढा मोठा ब्राँझ पुतळा करण्याचे धाडस तिथे साधले, पण त्याचे कौतुक राजाच्या खाती जमा झाले. घोडा कितीही सुंदर असला तरी तो आसनच.

जिवंत घोडा समोर ठेवून काम करणारे लोक त्या काळीही होते. लिओनार्दो दा विंची त्यांतला सर्वांत मोठा. मिलानचा लुदोविको स्फोर्झा याला आपल्या वडिलांचे अश्वारूढ स्मारक हवे होते. त्यासाठी लिओनार्दो मिलानच्या तबेल्यांत जाऊन घोडे मोजत असे. डोक्याची लांबी किती, त्या मानाने पाय किती, छाती किती, असे आकडे घातलेली त्याची रेखाटने आजही आहेत. 1493 मध्ये घोड्याचा मातीचा प्रचंड नमुना लोकांना पाहायला मिळाला. त्याची उंची चोवीस फुटांच्या आसपास होती. ओतकामासाठी टनावारी ब्राँझ जमवले होते. पण 1494 मध्ये फ्रेंचांच्या स्वारीची धास्ती पडली आणि ते ब्राँझ तोफा ओतायला गेले. 1499 मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरले आणि त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. ब्राँझ पुतळ्याचे आणि तोफेचे नाते असे जवळचे आहे. धातू एकच असतो, आणि त्याचे काय करायचे हे मालक ठरवतो.

*

रेने सिन्टेनिस 1888 मध्ये सायलेशियातल्या ग्लाट्स या गावी जन्मली. आज ते गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव क्वोड्झको. वडील कायद्याच्या व्यवसायातले. बालपणाची बरीच वर्षे न्यूरुप्पिन या लहान गावात गेली. तिथे घोड्यांची आणि मोकळ्या रानाची ओळख झाली आणि ती तिला जन्मभर पुरली. पुढे बर्लिनला कलाशिक्षण सुरू झाले. ते चालू असतानाच वडिलांनी फर्मान काढले की शिल्पकला पुरे, आता माझ्या कचेरीत लेखनिक म्हणून बस. तिने ऐकले नाही. घराशी संबंध तुटला. गेऑर्ग कोल्बे या शिल्पकारासाठी मॉडेल म्हणून उभी राहत तिने स्वतःचे काम पुढे नेले.

ती सहा फुटांच्या आसपास उंच होती. आखूड कापलेले केस आणि घोडेस्वारीची आवड यांमुळे 1920च्या दशकातल्या बर्लिनमध्ये लोक वळून वळून तिच्याकडे पाहत. एवढ्या उंच बाईने घडवलेली शिल्पे मात्र बहुतेक तळहातावर मावतील अशी. हरणाचे पाडस, करडू, कुत्रा, गाढवाचे पिल्लू आणि सगळ्यांत जास्त शिंगरे. चरणारी, बसलेली, उधळलेली. माणसेही तिने घडवली. फिनलंडचा धावपटू नुर्मी 1926 मध्ये घडवला. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा कलेच्या स्पर्धा असत, आणि 1928च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तिच्या फुटबॉलपटूच्या शिल्पाला कांस्यपदक मिळाले. पण लोकांच्या घरांत पोचली ती शिंगरे. आल्फ्रेड फ्लेख्टहाइम या कलादालनमालकाने तिची शिल्पे विकली आणि टेबलावर, पुस्तकांच्या कपाटात, खिडकीच्या फळीवर तिची जनावरे जाऊन बसली.

त्याच 1928 साली आपल्याकडे पुण्यात, भांबुर्ड्याला, विनायक पांडुरंग करमरकर यांच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांचे अनावरण झाले. माझगावच्या गोदीत अखंड ओतलेला तो पुतळा हे आपल्याकडच्या ओतकामाचे एक शिखर आहे. करमरकर सिन्टेनिसपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघांची गाठ पडल्याचा कुठे उल्लेख नाही आणि दोघांची तुलना करायचीही नाही. शिवाजी महाराजांचा घोडा स्वाराविना कल्पिताच येत नाही. तो पुतळा उभारताना एका पराधीन समाजाला स्वतःची मान ताठ करायची होती, आणि तिथे ओझे हाच मान होता. पण हेच करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याला आपल्या घरी म्हैस घडवतात. शिल्पालयात गेलेला माणूस क्षणभर ती खरी समजतो. तेव्हा कळते की जनावराला जनावर म्हणून पाहण्याची भूक त्यांनाही होती. सिन्टेनिसने त्याच भुकेवर आयुष्य काढले.

*

आता चाचांचे वाक्य: शिंगरू म्हणजे सगळे पायच. हे अक्षरशः खरे आहे. घोडीच्या पोटातून बाहेर पडल्यावर तास-दोन तासांत शिंगराला उभे राहून आईबरोबर पळता आले पाहिजे. रानातल्या घोड्यांचे जगणे यावरच अवलंबून असते. म्हणून त्याचे पाय जन्मतःच जवळजवळ मोठ्या घोड्याच्या पायांइतके लांब असतात. बाकी अंग मागाहून वाढते. मान आखूड, धड लहान आणि पाय मात्र उसने आणल्यासारखे. त्यामुळे पहिल्यांदा गवत हुंगायला वाकताना त्याचे तोंड जमिनीपर्यंत पोचत नाही. मग ते पुढचे पाय फाकवते, गुडघे वाकवते, तोल सावरते आणि कसेबसे ओठ गवताला लावते. मोठा घोडा चरताना जे सहज करतो, ते शिंगराला प्रत्येक वेळी कसरत करून साधावे लागते.

शिल्पकाराच्या दृष्टीने हा अवघड प्रकार आहे. संगमरवरात तो करताच येत नाही. दगड ताण सोसत नाही, बारीक पाय मोडतात. जुन्या रोमन कारागिरांनी घोड्याच्या पोटाखाली झाडाचे खोड कोरून आधार दिला, तो याच कारणाने. ब्राँझ तांब्याचे आणि कथिलाचे. त्याला चिवटपणा आहे. चार काटक्यांवर धड तोलून धरणे त्याला जमते. म्हणून शिंगराचा धातू ब्राँझच.

दुसरी अडचण शिंगराच्या स्वभावाची. मोठ्या घोड्याला मोतद्दार लगाम धरून उभा करू शकतो. शिंगराला उभे करायला गेले की ते शिंगरूच राहत नाही. घाबरते, आईकडे ओढ घेते, अंग आखडते. म्हणजे जिवंत नमुना समोर असून उपयोग नाही. तो हलत असताना पाहायचा, हालचाल डोक्यात धरायची आणि हाताने आठवायची. ही आठवण किती फसवी असते हे 1878 मध्ये मायब्रिजने दाखवून दिले. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या छायाचित्रांनी सिद्ध केले की धावत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात. पण तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो. चित्रकार शतकानुशतके पाय पुढे-मागे ताणून उडता घोडा काढत आले होते, तसा तो नसतो. ही छायाचित्रे देगाने अभ्यासली. शर्यतीच्या घोड्यांचे मेणाचे नमुने तो खोलीत बसून करीत राहिला, पण आपल्या हयातीत त्याने ते लोकांना दाखवले नाहीत. 1917 मध्ये तो वारल्यावर ते खोलीत सापडले आणि मागाहून ब्राँझमध्ये ओतले गेले.

सिन्टेनिसची शिंगरे पाहताना मला देगापेक्षा वेगळे काही जाणवते. देगाला हालचालीचे कोडे सोडवायचे आहे. हिला हालचालीमागचा अनिश्चितपणा हवा आहे. पाय उचलला आहे, पण तो कुठे पडेल हे शिंगरालाही अजून ठाऊक नाही. पृष्ठभाग तिने गुळगुळीत केला नाही. बोटांचे दाब आणि मातीचे गोळे जोडल्याच्या खुणा धातूतही तशाच राहिल्या आहेत. त्यामुळे प्रकाश त्या अंगावर स्थिर राहत नाही आणि उभे शिंगरूही आता हलेल असे वाटते. कौशल्य नाही म्हणून ते ओबडधोबड राहिलेले नाही. ज्याला पुरता आकार आलेला नाही, अशा जनावराला पुरता आकार देणे खोटे ठरले असते.

*

शिल्पकाराच्या हातून सुटलेले काम ओतशाळेत जाते, आणि या टप्प्याची दखल बहुधा कोणी घेत नाही. सिन्टेनिसची शिल्पे बर्लिनच्या हेर्मान नोआक यांच्या ओतशाळेत ओतली जात. 1897 मध्ये सुरू झालेली ही ओतशाळा फ्रीडेनाऊ भागात होती आणि घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ती आजपर्यंत चालवली आहे.

मेणाच्या ओतकामाची रीत आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ती सांगितली आहे. मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, लेप वाळल्यावर आच देऊन मेण काढून टाकायचे आणि मेणाने सोडलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आपले ओतारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. बर्लिनची हत्यारे वेगळी, पण तत्त्व एकच. शिंगराच्या बाबतीत खरी परीक्षा पायांची. धातू अरुंद वाटेतून शेवटपर्यंत धावला पाहिजे आणि आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून मेणाच्या मूर्तीलाच धातूसाठी आणि हवेसाठी बारीक नळ्या जोडतात. एखाद्या पायात धातू वाटेतच थिजला तर शिंगरू लंगडे निघते आणि सगळे काम पहिल्यापासून. साचा फोडून, नळ्या कापून, सांधे घासून हाती येते ते शिंगरू. माझ्या खराट्याच्या काड्यांनी जे जमले नाही, ते असे जमते.

*

1931 मध्ये सिन्टेनिसला प्रशियाच्या कला अकादमीचे सदस्यत्व मिळाले. शिल्पकार म्हणून तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. फ्लेख्टहाइम ज्यू होता. त्याला देश सोडावा लागला आणि 1937 मध्ये तो लंडनमध्ये वारला. सिन्टेनिसची आजी ज्यू कुळातली. तेवढे कारण 1934 मध्ये तिला अकादमीतून काढायला पुरले. सार्वजनिक संग्रहालयांत असलेली तिची कामेही नव्या राज्यकर्त्यांना नकोशी झाली. पण ती बर्लिन सोडून गेली नाही. लहान लहान शिल्पे करीत राहिली.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये दुसरे घोडे घडत होते. आल्बेर्ट श्पेअरने हिटलरसाठी बांधलेला नवा राजवाडा, म्हणजे राइश चान्सलरी, 1939च्या जानेवारीत पुरा झाला. त्याच्या बागेकडच्या अंगाला योझेफ थोराक या सरकारमान्य शिल्पकाराचे ब्राँझचे दोन घोडे उभे केले. माणसापेक्षा कितीतरी उंच, छाती फुगवलेले, ताठ मानेने पाऊल टाकणारे. त्यांच्या पाठीवरही स्वार नाही. पण त्या घोड्यांकडे पाहिले की स्वाराची गरजच उरत नाही. सत्ता त्यांच्या स्नायूंत भरली आहे आणि हुकूम आतूनच आला आहे. स्वार उतरवला म्हणजे घोडा मोकळा होतो असे मी समजत होतो. ते तितके सोपे नाही हे मला थोराकच्या घोड्यांनी शिकवले.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. शहरात माणसे घरांतून उचलली जात होती, आणि ही बाई शिंगरे घडवीत होती. याला काय म्हणायचे? पळवाट म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. तिने निषेधाचे पत्रक काढले नाही आणि तिच्या शिंगरांनी कोणाचा जीव वाचवला नाही. तिला वीरांगना करण्याचा मोह टाळला पाहिजे. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या राजवटीला प्रचंड, निर्व्यंग, आज्ञाधारक शरीरे हवी होती. तिने लहान, अडखळणारी, कोणाच्याच कामाची नसलेली शरीरे घडवली. शिंगरावर बसता येत नाही. त्याला गाडीला जुंपता येत नाही. ते कवायतीत चालत नाही. ज्या काळात प्रत्येक जीवाला ‘तुझा उपयोग काय?’ असे विचारले जात होते आणि उत्तर न देणाऱ्याला मारले जात होते, त्या काळात निरुपयोगी जीवाकडे इतक्या मायेने पाहणे ही गोष्ट अगदीच किरकोळ नव्हती. याहून मोठा दावा मी करणार नाही.

युद्ध सुरू झाल्यावर ब्राँझ पुन्हा तोफांकडे वळले. 1940 पासून जर्मनीत चर्चच्या घंटा हजारोंनी उतरवून वितळवल्या गेल्या. उंटर डेन लिंडेन रस्त्यावरचा राउखने घडवलेला फ्रेडरिक राजाचा 1851चा भव्य अश्वारूढ पुतळा बॉम्बपासून वाचावा म्हणून भिंती बांधून झाकून टाकला. सिन्टेनिसचा नवरा, चित्रकार आणि अक्षररचनाकार एमिल रुडोल्फ वाइस, 1942 मध्ये वारला. 1945 मध्ये तिचे घर आणि कार्यशाळा बॉम्बहल्ल्यात गेली आणि तिथले कितीतरी काम नष्ट झाले. पण शिंगरे उरली. ती एका जागी नव्हतीच. ती घरोघरी पांगलेली होती आणि लहान होती. घर सोडून पळणाऱ्या माणसाला राजाचा पुतळा उचलून नेता येत नाही. शिंगरू पिशवीत मावते.

युद्धानंतर मोठ्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सम्राट पहिला विल्हेल्म याचे बेगासने केलेले प्रचंड अश्वारूढ स्मारक 1950च्या सुमारास पूर्व बर्लिनच्या सरकारने काढून टाकले. सम्राट गेला, घोडा गेला. स्मारकाच्या पायाशी बसलेल्या सिंहांपैकी दोन मात्र वाचले आणि प्राणिसंग्रहालयात जाऊन बसले. आपला काळा घोडा राणीच्या बागेत गेला तसेच. थोराकचे घोडे पूर्व जर्मनीतल्या रशियन लष्कराच्या आवारात पडून होते. 1989च्या सुमारास ते गायब झाले आणि 2015 मध्ये पोलिसांना बाड ड्युर्कहाइम गावातल्या एका गोदामात सापडले. हुकमाचे घोडे शेवटी चोरट्या बाजाराचा माल झाले. ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ युद्धात मोडला होता. तो जुन्या प्लास्टरच्या साच्यांवरून 1958 पर्यंत पुन्हा तयार झाला, आणि ते काम केले नोआकच्याच ओतशाळेने. जिथे शिंगरे जन्मली तिथेच.

*

आता ही हकीकत आपल्या घराजवळ येते. 1932 मध्ये सिन्टेनिसने एक लहानसे अस्वल घडवले होते. अस्वल हे बर्लिनचे नगरचिन्ह. चिन्हातले अस्वल नख्या आणि जीभ काढून उभे असते. हिचे अस्वल पोरवयाचे, मागच्या पायांवर उभे राहून पंजा वर केलेले, कोणाला तरी ‘या’ म्हणत असल्यासारखे. 1951 मध्ये बर्लिनचा चित्रपट महोत्सव सुरू झाला, तेव्हा पारितोषिक म्हणून हेच अस्वल निवडले गेले, सोनेरी आणि रुपेरी. तेही नोआककडेच ओतले जाते.

1958च्या महोत्सवात सोनेरी अस्वल बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ला मिळाले आणि परीक्षकांचे खास रुपेरी अस्वल व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला. त्या चित्रपटाची मुळे आपल्या मातीत आहेत. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाचा प्रयोग आणि ग. दि. माडगूळकरांची कथा. सहा खुन्यांना बेड्या काढून एका माळावर नेणारा आणि केवळ विश्वासाच्या बळावर त्यांना माणसात आणणारा जेलर आपल्यातल्या कित्येकांनी पाहिला आहे. बक्षीस देणाऱ्यांनी असा काही विचार केला नसेल, हे मला समजते. पण बेडीशिवायच्या तुरुंगाच्या गोष्टीला, लगामाशिवायची जनावरे घडवणाऱ्या हातांचे अस्वल मिळाले, याचा मला आनंद होतो. तो मी लपवत नाही.

युद्धानंतर सिन्टेनिसला मान परत मिळाला. 1948 मध्ये बर्लिनचा कला पुरस्कार, मग कलाशाळेत अध्यापन, पुन्हा अकादमीचे सदस्यत्व. 1965च्या एप्रिलमध्ये ती वारली. मुंबईतला युवराज चौकातून हलला, तेही त्याच वर्षी.

फ्रीडेनाऊमध्ये आज तिच्या नावाचा एक छोटा चौक आहे. बर्लिनला मुलीकडे गेलो असताना मी तो शोधत गेलो. चौक म्हणजे झाडे, बाके आणि गवताचा तुकडा. तिथे तिचे चरणारे शिंगरू आहे. तिच्या इतर कामांच्या मानाने मोठे, तरी माझ्या कमरेइतकेच. भोवती साखळदंड नाही. पुढचे पाय फाकलेले, मान खाली ताणलेली, तोंड गवताला टेकते न टेकते. मी पाठीवर हात ठेवला. ऊन होते आणि धातू कोमट लागला. मी वाकून पाय पाहिले. चाचांनी सांगितले होते तेच. सगळे पायच.

घरी परत आल्यावर त्या दिवाळीला नातवाच्या किल्ल्यासाठी माती मळताना मी पुन्हा एकदा शिंगरू करून पाहिले. या वेळी काड्यांऐवजी तार घेतली आणि पाय मुद्दाम फाकवले. ते उभे राहिले. नातवाने त्याला पायथ्याच्या अळिवात सोडले, मावळ्यांपासून दूर. आणि विचारले, “आजोबा, याच्यावर कोण बसणार?”

“कोणी नाही,” मी म्हटले.